चाकणात परदेशी पार्ट कंपनीचा नवा प्लांट: 'स्थानिकांना रोजगार' म्हणजे कुणाला, किती आणि कसला?

गिअरबॉक्स

मंडळी, गेल्या आठवड्यात मामेभावाचा फोन आला. हिंगोली जिल्ह्यातलं गाव, त्याने आयटीआय फिटर केलंय. आधी व्हॉट्सॅपवर बातमीचं कात्रण आलं: युरोपातली एक पार्ट कंपनी चाकणचा प्लांट वाढवतेय, दुसरा तळेगावात बांधतेय, अमुक शे कोटी, तमुक हजार रोजगार. मग फोन: "दादा, तुझी ओळख असंल ना तिथं?"

चौदा वर्षं याच पट्ट्यात सप्लायर क्वालिटी बघतोय. ओळखी रगड आहेत. तरी त्याला काय सांगावं हे ठरवायला दोन दिवस गेले, म्हणून हा धागा.

बाहेरच्यांसाठी थोडं आधीचं. मर्सिडीज २००९ मध्ये पिंपरीहून चाकणला आली, फोक्सवॅगनचा प्लांट त्याच वर्षी मार्चअखेर सुरू झाला, पाठोपाठ महिंद्रा. बजाज त्याआधीच होती. तळेगावला जनरल मोटर्स होती, २००८ ते २०२०. ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात, कारण ती गाडीच्या नाकावर असतात. त्यांच्या मागे येणारी बॉश, झेडएफ, मॅग्ना, फोर्व्हिया, शेफलर, गेस्टाम्प, माले ही मंडळी गाडीच्या पोटात असतात. गाडीतला बराचसा माल यांचाच. कार कंपनी पत्रा ठोकते, जोडते, रंगवते आणि आपला बिल्ला लावते. (आमच्या कार कंपनीतल्या मित्रांनी रागावू नये. रागावले तरी चालेल.)

या कंपन्या इथे येतात कशाला? दोन जाती आहेत. सीट, डॅशबोर्ड, बंपर, सायलेन्सर ही एक. हा माल ट्रकमध्ये भरला की अर्धा ट्रक हवाच वाहून नेतो, म्हणून कुंपणाला कुंपण लावून बसावं लागतं. शिवाय लाइनवर लाल गाडीमागे पांढरी येणार असेल, तर बंपरही त्याच क्रमाने गेले पाहिजेत. दोन तास आधी ऑर्डर येते आणि तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकला ते ठाऊक नसतं. दुसरी जात बेअरिंग, इंजेक्टर, सेन्सर यांची. खोक्यात हजारो मावतात, जगात कुठूनही कुठेही पाठवता येतात. पहिल्या जातीची कंपनी शेजारच्या कार कंपनीवर जगते. दुसरी आपल्या पगारावर आणि हातावर येते, आणि उद्या दुसरीकडे स्वस्त पडलं की तिकडे जाऊ शकते.

आता आकडा. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष मिळून, पाच-सात वर्षांत टप्प्याटप्प्याने, पूर्ण क्षमतेला पोहोचल्यावर, हे सगळं मथळ्यातून गळून 'हजार' तेवढा उरतो. त्यात पर्मनंट किती, ट्रेनी किती, ठेकेदाराचे किती, हे बातमीत कधी वाचलंय का कुणी? मला पोराला तेच सांगायचंय. अनुभव लिहा.

खडूस_काका

सोपं आहे. स्थानिकांच्या जमिनीवर इतरांना रोजगार. धागा बंद करा.

भामाकाठ

काका, कोथरूडच्या गॅलरीतून बरं दिसतं तुम्हाला.

आम्ही खेड तालुक्यातले. आजोबा बैलगाडीतून कांदा चाकणच्या बाजारात न्यायचे. जमीन एमआयडीसीत गेली. वडिलांनी पैशातून घर बांधलं, बहिणीचं लग्न केलं, एक बोलेरो घेतली आणि उरलेल्या तुकड्यावर खोल्या काढल्या. आज बावीस खोल्या आहेत. नांदेड, बुलढाणा, यवतमाळ, ओडिशा, बिहार, सगळा देश आमच्या एका नळावर पाणी भरतो. माझ्या तीन बस कंपनीच्या शिफ्टला लागतात. चुलतभावाला कॅन्टीनचा भाजीपाला मिळालाय. तेव्हा रोजगार मिळाला नाही असं मी म्हणणार नाही.

पण गेटच्या आत आमचा एकही नाही. माझ्या धाकट्याने डिप्लोमा मेकॅनिकल केलाय. मुलाखतीत आधार कार्डावरचा पत्ता बघून साहेब म्हणाले, "घर अगदी जवळ आहे की!" तेव्हाच समजलो. गावची पोरं घेतली की ती एक होतात, गेट बंद करतात, आत कुणाला लागलं-खुपलं की पंधरा मिनिटांत अख्खं गाव जमतं, ही भीती. भीती खोटी आहे असंही म्हणवत नाही. स्क्रॅपच्या टेंडरवरून आमच्याच लोकांनी काय काय केलंय ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

कॅरोलायना_कट्टा

'स्थानिक' कोण, यावर एक मुद्दा. सवलती घेणाऱ्या उद्योगांसाठी आपल्याकडे जुनाच नियम आहे: पर्यवेक्षक श्रेणीत किमान ५० टक्के, बाकी श्रेणींत किमान ८० टक्के स्थानिक. पण त्यात स्थानिक म्हणजे १५ वर्षं महाराष्ट्रात राहिलेला. खेडचा किंवा मावळचा असं त्यात कुठे नाही. म्हणजे गिअरबॉक्स यांचा मामेभाऊ कागदावर पक्का स्थानिक, आणि म्हाळुंग्याच्या चहाच्या टपरीवर 'बाहेरचा'. कंपनी ८० टक्के भरून मोकळी, आणि भामाकाठ यांचा भाऊ घरी.

आता उलटी गंमत. मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो. इथून तासाभरावर सॅनफर्ड नावाचं गाव आहे. तिथे 'परदेशी पार्ट कंपनी' म्हणजे आपल्या मुंढव्याची भारत फोर्ज! ॲल्युमिनियम फोर्जिंगचा प्लांट, आणि जाहीर करताना ४६० नोकऱ्यांचा आकडा. इथलं राज्य सरकार अनुदान देतं, पण रोजगाराशी बांधून. कंपनीने कबूल केलेली माणसं खरोखर घेतली, कबूल केलेला सरासरी पगार दिला, हे दरवर्षी दाखवायचं, मग त्या वर्षीचा हप्ता. नोकऱ्या नाहीत तर हप्ता नाही. आपल्याकडे सवलतीचं मुख्य गणित गुंतवणूक आणि जीएसटीच्या परताव्यावर चालतं. तिथे यंत्र मोजतात, इथे माणसं. (इथे सगळं आलबेल आहे असं नाही. माणसं टिकत नाहीत ही इथल्या प्रत्येक प्लांटची रड आहे.)

शून्य_रिजेक्शन

वाचतोय. +१ गिअरबॉक्स.

फिटर_२१

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी परभणीचा. अडीच वर्षांत तीन कंपन्या, तिन्ही परदेशी, तिन्ही चाकण. एकाही कंपनीचं कार्ड माझ्याकडे नाही, कारण कार्ड ठेकेदाराचं असतं. सात महिने झाले की ब्रेक. सुपरवायझर म्हणतो, "काम चांगलंय तुझं, महिन्याने परत ये." तुम्ही परत येता तेव्हा कोड नवा, पीएफ नवा, पगार पुन्हा पहिल्या पायरीचा. एकदा महिन्याने गेलो तर माझ्याच मशिनवर माझाच रूममेट उभा. त्याचा काय दोष.

वर्षात २४० दिवस भरले की कायद्याने सलग नोकरी धरतात, ते भरू द्यायचे नाहीत एवढंच ते. आम्हाला कायदा ठाऊक नसतो, पण तो आकडा सगळ्यांना पाठ असतो.

काम म्हणाल तर मशिनमध्ये पीस ठेवायचा, दोन बटणं दोन हातांनी दाबायची (हात आत राहू नये म्हणून), दार उघडलं की पीस काढायचा, गेज लावून बघायचा, ट्रेमध्ये ठेवायचा. मशिनमध्ये प्रोग्रॅम कोण भरतो, टूल कोण बदलतो, ते आमचं नाही. त्याला सेटर येतो. सेटर पर्मनंट. मी आयटीआयला दोन वर्षं फायलिंग केलं, कानस अशी धरायची, तशी धरायची. इथे कानस बघितलीसुद्धा नाही.

कंपनी वाईट आहे असं म्हणत नाही. जेवण चांगलं, बस वेळेवर, बूट-चष्मा देतात. गावाकडे तेवढंही नव्हतं.

सातपूरची_सई

फिटरभाऊ, काही चुकलं नाही. लिहीत राहा.

आमच्या नाशकात अजूनही मायको सर्कल म्हणतात. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण सर्कलला ते कुणी सांगितलं नाही. बाबा तिथे लागले तेव्हा लग्नाच्या बाजारात 'मायकोत आहे' म्हटलं की पुढचे प्रश्न संपायचे. पत्रिकासुद्धा नंतर बघायचे.

आधी अप्रेंटिस, मग पर्मनंट. डिझेल इंजेक्टरचे नोझल (इंजिनात डिझेलचा फवारा मारणारं टोक) बनवायचे. लहानपणी फॅमिली डेला त्यांनी दाखवलेलं मी विसरले नाही. नोझलची बॉडी आणि आतली सुई, दोन्ही स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून काढली. बॉडी तिरकी धरली, सुई एक तृतीयांश बाहेर ओढली आणि सोडून दिली. ती आपल्याच वजनाने हळूहळू आत सरकत गेली. धक्का नाही, अडकणं नाही. "दोघांतली जागा दोन-चार मायक्रॉन," बाबा म्हणाले, "तुझ्या एका केसात वीस वेळा बसेल." मग सुई बोटाने धरायचा हट्ट मी केला तर ओरडले, बोटाच्या घामानेसुद्धा गंज धरतो म्हणे.

सांगायचं हे की ती नोकरी नुसती पगाराची नव्हती. त्यांच्या बॅचचे निम्मे लोक निवृत्तीनंतर नाशकातल्याच अंबडला छोटी वर्कशॉप टाकून बसले. ग्राइंडिंग, गेज, फिक्स्चर, जे आत शिकले तेच. शिकवायला कंपनीला वेळ होता, कारण माणूस तीस वर्षं राहणार हे तिला माहीत होतं. सात महिन्यांच्या माणसाला कोण कशाला शिकवेल?

आता दुसरी बाजू, म्हणजे बाबांनाच न आवडणारी. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला, मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या. नोझलला मागणी कुठून राहणार? आणि विजेच्या गाडीला नोझल लागतच नाही. मायक्रॉनमध्ये कितीही हुशार असा.

नेकारकाठ

भामाकाठ यांना श्टुटगार्टच्या नेकारकाठाहून नमस्कार.

तुमच्याकडे 'विस्तार' अशी बातमी येते त्याच महिन्यात इथल्या स्थानिक पेपरात उलट बातमी असते. बॉशने सप्टेंबर २०२५ मध्ये जर्मनीतल्या मोबिलिटी विभागात सुमारे १३,००० जागा कमी करणार असं जाहीर केलं. झेडएफने त्याआधी, २०२४ मध्ये, २०२८ अखेरपर्यंत जर्मनीत ११,००० ते १४,००० असा आकडा दिला होता. सगळं काम भारतात जातंय असं मुळीच नाही. बरंच पूर्व युरोपात जातं, बरंच नाहीसंच होतं, कारण विजेच्या गाडीत पार्टच कमी. पण शेजाऱ्याला हे कोण समजावणार?

माझ्याच टीममधला प्रसंग. कंपनीचं नाव नको. एका पार्टचं काम पुण्याला द्यायचं ठरलं. टीम्सवर पलीकडे पुण्यातली उत्साही पोरगी, ड्रॉइंगवर नसलेले प्रश्न विचारणारी. अलीकडे अठ्ठावन्न वर्षांचा आमचा सहकारी, ज्याने ते फिक्स्चर स्वतः बसवलं होतं. तो प्रत्येक प्रश्नाला बरोबर उत्तर द्यायचा, पण विचारलं तेवढंच. एक शब्द जास्त नाही. मी मधे मराठी बोलू शकणारा एकटा, दोघांच्याही बाजूचा आणि दोघांनाही संशयास्पद. कॉल संपल्यावर तो मला म्हणाला, "तुझ्या गावाला शुभेच्छा." टोमणा होता की नाही ते अजून कळलेलं नाही.

वायरवाली

धाग्यात बायका दिसेनात म्हणून लिहिते.

राजगुरुनगरच्या अलीकडचं आमचं गाव. चार वर्षं वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे गाडीभर फिरणाऱ्या वायरींच्या जुडग्याच्या, लाइनला होते. गाडीतला सगळ्यात किचकट आणि सगळ्यात हाताने होणारा पार्ट हाच. रोबोटला पत्र्याला डाग द्यायला जमतं, पण लोंबणारी वायर धरायला जमत नाही. म्हणून 'रोजगार' हवा असेल तर हार्नेस कंपनी आणा, बंपरच्या मशिनवर माणसं मोजकीच.

आठ फुटी फळी, तिच्यावर खुंट्या, वायरींचा रस्ता चितारलेला. फळी पुढे सरकत राहते, आपण चालत चालत वायरी बसवायच्या, मग टेप. कनेक्टर बसवताना तीन गोष्टी: ढकल, 'टक्' ऐक, ओढून बघ. पुश-क्लिक-पुल. लाइनवर साठ मुली, सगळ्यांचं टक्-टक्, आणि त्यात आपलं टक् ओळखायचं. आजही घरी मिक्सरचा प्लग लावताना ओढून बघते. नवरा हसतो.

लाइनवर सगळ्या मुलीच. बोटं बारीक म्हणून, असं साहेब म्हणायचे. बारीक बोटांपेक्षा बारीक आवाज जास्त उपयोगाचा असावा. लग्न ठरलं की सुपरवायझर विचारायचा, "पुढे येणारेस का?" विचारायची पद्धतच अशी की उत्तर त्यातच असायचं.

पण खरं सांगू? घरातला पहिला पगार ज्याच्यावर माझं नाव होतं, तो तोच. वडिलांनी एटीएम कार्ड मागितलं नाही. भावाने मागितलं, दिलं नाही.

नेकारकाठ

वायरवाली यांचा प्रतिसाद धाग्यातला सर्वात भारी. एक पुरवणी: २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला आणि पश्चिम युक्रेनमधले लिओनी या जर्मन कंपनीचे हार्नेस प्लांट अडले. इथे फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यूच्या लाइन थांबल्या. चिपशिवाय एखादी गाडी अर्धवट बनवून मैदानात उभी करता येते. हार्नेस आधी आत घातल्याशिवाय पुढचं काही बसतच नाही. लाखो युरोंची गाडी त्या टक्वर अडली होती.

खडूस_काका

लाखो युरोंची गाडी फोक्सवॅगन बनवत नाही.

नेकारकाठ

मान्य. हजारो.

तळेगाव_स्टेशन

मी पत्र्याच्या पार्टच्या कंपनीत होतो, पर्मनंट, अकरा वर्षं. आमचा जवळजवळ सगळा माल एकाच कार कंपनीला. कार कंपनी बंद होते तेव्हा टीव्हीवाले येतात, युनियन कोर्टात जाते, पुढारी भेटतात. पार्ट कंपनी बंद होत नाही. आधी थर्ड शिफ्ट जाते, मग सेकंड, मग कॅन्टीनमध्ये गोड बंद, मग आठवड्यातून तीन दिवस बोलावतात. एक दिवस कळतं की मशिन ट्रकवर चढताहेत. आमची तीनशे टनी प्रेस जाताना पाया फोडावा लागला होता. मी उभा राहून बघितलं.

घोषणांचं म्हणाल तर, जनरल मोटर्सचा तो तळेगावचा प्लांट घ्यायला चीनची ग्रेट वॉल येणार म्हणून जानेवारी २०२० मध्ये करार झाला. एप्रिलमध्ये शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची झाली, मंजुरी मिळाली नाही, २०२२ मध्ये करार बारगळला. मधल्या अडीच वर्षांत आम्ही किती जणांनी 'चायनाची कंपनी येतेय' म्हणून दुसरीकडची ऑफर सोडली असेल. शेवटी ह्युंदाई आली, २०२५ मध्ये व्हेन्यू निघाली, गाडीबरोबर कोरियन व्हेंडरही आले. मी आता त्यातल्याच एकाकडे आहे. ट्रेनरचं काम, मुदतीच्या ऑर्डरवर. वय त्रेचाळीस.

मास्तर_निदेशक

आयटीआयला शिकवतो, म्हणून पोरासाठी कामाचं तेवढं लिहितो.

गिअरबॉक्स, मामेभावाला सांगा, 'ट्रेनी' या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी असतात. १९६१ च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप असेल आणि शेवटी परीक्षा होऊन एनएसी (राष्ट्रीय अप्रेंटिसशिप) सर्टिफिकेट मिळणार असेल, तर विद्यावेतन कमी असलं तरी घे. तो कागद रेल्वेपासून ऑर्डनन्सपर्यंत चालतो. राज्याची २०२४ ची युवा कार्य प्रशिक्षण योजना असेल तर आयटीआय-डिप्लोमावाल्याला महिना ८,००० रुपये, पण मुदत संपली की नमस्कार. ठेकेदाराचा 'ट्रेनी' असेल तर तो कामगारच, नाव फक्त दुसरं. आणि चौथं, कंपनीची थेट मुदतीची नेमणूक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रम संहिता लागू झाल्यात, त्यात मुदतीच्या कामगाराला वर्षभरात ग्रॅच्युइटीचा हक्क आलाय. तेव्हा ऑर्डर कुणाच्या लेटरहेडवर आहे, ते पहिलं बघ. पगाराचा आकडा नंतर.

दुसरं, फिटर_२१ साठी. कानस वाया गेलेली नाही. टूलरूममध्ये (जिथे डाय, फिक्स्चर बनवतात) आणि मेंटेनन्सला अजून हाताचाच माणूस लागतो. रोबोट बंद पडला की लाइनवरचे सगळे बाजूला होतात आणि एकटा पुढे येतो, तो मेंटेनन्सवाला. रविवारी पीएलसी (मशिनचा कंट्रोलर) किंवा सीएनसी (प्रोग्रॅमवर चालणारं मशिन) सेटिंगचा क्लास लाव. आमच्याकडे आलास तर शनिवारी संध्याकाळी लेथ मोकळा असतो. फी नाही. कानस आणावी लागेल.

फिटर_२१

सर खरंच? कुठे यायचं?

मास्तर_निदेशक

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

गिअरबॉक्स

सगळ्यांचे आभार. काका, तुमचेही.

काल रात्री मामेभावाशी बोललो. म्हटलं, ओळखीने लावतो, पण उत्पादनाला नाही. आमच्या एका सप्लायरच्या टूलरूमला अप्रेंटिसची जागा आहे. कंपनी देशी, शेड जुनी, नाव कुणी ऐकलेलं नाही, एसी नाही. तिथला फोरमन मायकोतून निवृत्त झालेला, तोंडाने फटकळ. (सई, तुमच्या बाबांना विचारा, कदाचित ओळखत असतील.) विद्यावेतन त्या परदेशी कंपनीच्या ठेकेदारापेक्षा बरंच कमी. पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, "पण दादा, गावात सांगताना मोठ्या कंपनीचं नाव सांगता आलं असतं."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मीसुद्धा चौदा वर्षांपूर्वी त्या नावासाठीच आलो होतो.

सोमवारी येतोय तो. टूलरूम कुरुळीच्या बाजूला आहे, तिथून जवळ खोली कुठे मिळेल?

भामाकाठ

माझ्याकडे एक सात तारखेला रिकामी होतेय. डिपॉझिट नको, भाडं पहिला स्टायपेंड झाल्यावर. पाणी सकाळी सहा ते सात. नळावर ओडिशावाल्यांशी भांडू नको म्हणावं, ते आधीपासून आहेत.